साथीत बेघरांना लॉजमध्ये ठेवायचं तर: खोली मिळाल्यानंतरचं काम

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजले: नाशिकमध्ये गोदाघाटावर आणि बसस्टँडच्या आसपास झोपणाऱ्या लोकांसाठी तुमची संस्था काम करते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अशा लोकांना शाळेच्या वर्गांमध्ये एकत्र ठेवलेलं तुम्ही जवळून पाहिलंत. पुढची साथ आली तर त्याऐवजी लॉज भाड्याने घ्यावेत, असा प्रस्ताव तुम्ही महापालिकेला देणार आहात. आणि विचारताय की कॅलिफोर्नियात असं केलं होतं त्याचा खरंच फायदा झाला का, आपल्याकडे ते जमेल का, आणि साथ ओसरल्यावर त्या माणसांचं पुढे काय झालं.

मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, रस्त्यावर राहणाऱ्या लोकांसाठी काम करणाऱ्या फिरत्या आरोग्यपथकात नर्स आहे. २०२० आणि २०२१ मध्ये माझं बहुतेक काम अशा हॉटेलांतच होतं. फायदा झाला, आणि चांगलाच झाला. आपल्याकडेही जमेल. पण तुमच्या मसुद्यात खोल्या कुठून मिळवायच्या यावरच सगळा भर दिसतोय. खोल्या मिळतात हो. साथ आली की लॉज ओस पडतात आणि मालकच गिऱ्हाईक शोधत येतात. खरं काम पुढे सुरू होतं: आत आलेला माणूस आत टिकला पाहिजे. तो तिसऱ्या दिवशी निघून गेला तर तुमचे पैसेही गेले आणि तो पुन्हा घाटावर, आता तुमच्यावरचा विश्वास गमावून.

आधी फायद्याचं सांगते, कारण आयुक्तांसमोर तुम्हाला ते मांडावं लागेल. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला बॉस्टनमधल्या एका मोठ्या निवाऱ्यात सगळ्यांची तपासणी केली. ४०८ जणांपैकी १४७ पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांना ना ताप ना खोकला. म्हणजे दारात थर्मामीटर घेऊन उभं राहण्याचा उपयोग नव्हता. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या सगळ्यात मोठ्या निवाऱ्यात एका फेरीत ७० जण सापडले. एका छताखाली ओळीने खाटा टाकल्या की खाटांमध्ये सहा फूट ठेवा नाहीतर आठ, हवा एकच आणि संडास एकच. मार्चअखेर लास वेगासमध्ये एक निवारा संसर्गामुळे बंद झाला, तेव्हा लोकांना पार्किंगच्या डांबरावर पांढऱ्या चौकोनांत झोपवलं होतं. शहरातली हॉटेलं तेव्हा रिकामी होती. तो फोटो पाहून अनेकांचं डोकं ठिकाणावर आलं.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२०च्या मोजणीत सुमारे १ लाख ६१ हजार बेघर होते आणि त्यातले ७० टक्के उघड्यावर झोपत होते. ३ एप्रिलला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी 'प्रोजेक्ट रूमकी' जाहीर केला: १५ हजार खोल्या भाड्याने घ्यायच्या. केंद्राची आपत्ती संस्था 'फेमा' सुरुवातीला ७५ टक्के खर्च द्यायची, २०२१ मध्ये तो १०० टक्के केला. प्रवेश सगळ्यांना नव्हता. पॉझिटिव्ह असलेले, संपर्कात आलेले, आणि ६५ वर्षांवरचे किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार असे आजार असलेले, एवढ्यांनाच. आमच्या काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, दोन वेगळे गट केले. 'ऑपरेशन कम्फर्ट' नावाची हॉटेलं आजाऱ्यांसाठी, आणि 'ऑपरेशन सेफर ग्राउंड' नावाची ज्यांना अजून लागण झालेली नाही पण झाली तर जीवावर बेतेल अशांसाठी. ही विभागणी तुम्ही पहिल्याच दिवसापासून करा. एकाच लॉजचा वरचा मजला आजाऱ्यांना आणि खालचा वृद्धांना, असली तडजोड करू नका. कर्मचारी तेच, जिना तोच, जेवणाची ट्रॉली तीच.

इंग्लंडने याहून मोकळा मार्ग घेतला. २६ मार्च २०२० ला सगळ्या कौन्सिलांना सांगितलं की रस्त्यावरच्या आणि सामायिक निवाऱ्यांतल्या प्रत्येकाला तातडीने आत घ्या. सरकारी मदतीचा हक्क नसलेले स्थलांतरितही त्यात आले. पुढे 'लान्सेट'च्या श्वसनरोगांच्या नियतकालिकात अंदाज आला की पहिल्या लाटेत बेघरांमधले २६६ मृत्यू आणि १,१६४ रुग्णालय-दाखले यामुळे टळले. हा गणिती प्रारूपावरचा अंदाज आहे, डोकी मोजून काढलेला आकडा नव्हे, हे आयुक्तांना स्पष्ट सांगा. त्याने तुमचं म्हणणं कमकुवत होत नाही. उलट लॉस एंजेलिसने १५ हजार खोल्यांचं लक्ष्य ठेवलं आणि त्याचा एक तृतीयांशही एका वेळी भरू शकलं नाही, हेही सांगा. खोल्यांची टंचाई हे एकमेव कारण नव्हतं. प्रत्येक हॉटेलला नर्स, रखवालदार, स्वयंपाक आणि सफाई लागते, ती माणसं उभी करताना दमछाक झाली.

आता खोली कशी हवी. स्वतःचं दार, स्वतःचा संडास-बाथरूम, उघडणारी खिडकी. या तीन गोष्टी नसतील तर ते लॉज नव्हे, भाड्याने घेतलेली शाळाच. आमच्याकडे भपकेदार हॉटेलांपेक्षा हमरस्त्यावरची साधी मोटेलं जास्त उपयोगी पडली. त्यांच्या खोल्यांची दारं थेट बाहेर उघडतात, आतला बंद पॅसेज नसतो, आणि एसी प्रत्येक खोलीच्या भिंतीत वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे एका खोलीची हवा दुसरीत जात नाही. आपल्याकडची जुनी गॅलरीवाली लॉजेस या दृष्टीने उत्तम. सेंट्रल एसीच्या नव्या हॉटेलापेक्षा ती निवडा. पंचवटीतल्या धर्मशाळा तुमच्या यादीत आहेत, पण तिथे सामायिक न्हाणीघर असेल तर मी त्या बाजूला ठेवीन. सामायिक बाथरूमच्या तीस खोल्यांपेक्षा आतल्या बाथरूमच्या दहा मला जास्त चालतील.

अर्थात हे सगळं हवेतून पसरणाऱ्या आजाराला लागू. पुढची साथ कॉलऱ्याची असेल तर दारापेक्षा पाणी आणि संडास महत्त्वाचे, आणि वस्तीजवळच सोय करणं कदाचित बरं. साथ किती दिवस चालेल, उन्हाळा आहे की पाऊस, शहरात जिल्हा रुग्णालय किती दूर, यावरही बरंच ठरतं. म्हणून प्रस्तावात 'साथ' असा एकच शब्द लिहून थांबू नका.

मुख्य मुद्द्यावर येते: माणूस टिकणं.

साठीतले एक गृहस्थ आमच्याकडे आले. अनेक वर्षं पुलाखाली काढलेली, पायावर जुनी जखम. सुरुवातीचे कित्येक दिवस ते गादीवर झोपलेच नाहीत. दाराला पाठ टेकवून, बूट घालून, खालीच कार्पेटवर झोपायचे. रस्त्यावर बूट काढले की सकाळी सापडत नाहीत, आणि पाठ उघडी ठेवली की कोणी लाथ मारतं. शरीराला ते इतकं पक्कं ठाऊक होतं की कुलूप बघूनही पटत नव्हतं. आमच्यापैकी कोणीही त्यांना गादीवर झोपा म्हणून टोकलं नाही. एक जास्तीचं ब्लँकेट दिलं, रोज त्याच वेळी दार वाजवलं, नाव घेऊन हाक मारली. हळूहळू बूट निघाले. मग रोज पाय धुता यायला लागला, ड्रेसिंग कोरडं राहायला लागलं, आणि कितीतरी महिने चिघळलेली ती जखम भरू लागली. औषध तेच होतं जे मी पुलाखाली लावत होते. फरक नळाचा आणि झोपेचा.

हे सांगायचं कारण असं की लोक 'ऐकत नाहीत', 'त्यांना रस्त्यावरच राहायचं असतं' असं तुम्हाला अधिकारी म्हणतील. निघून जाणाऱ्या माणसाला कारण विचारा, ते जवळजवळ नेहमी समजण्यासारखं असतं. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठं कारण सामान. अनेक ठिकाणी नियम होता की दोनच पिशव्या आत न्यायच्या. ज्याचं अख्खं घर एका ढकलगाडीत आहे त्याला दोन पिशव्या म्हणजे बाकीचं फेकून दे असं सांगणं. नाशिकमध्ये भंगार वेचणाऱ्या बाईची गोणी ही तिची चार दिवसांची कमाई असते. ती बाहेर टाकून ती आत येणार नाही, आणि मीही आले नसते. उपाय साधा आहे: लॉजच्या आवारात एक कुलूपबंद खोली किंवा पत्र्याची शेड, प्रत्येक गोणीला नाव-नंबरची चिठ्ठी, आणि दिवसातून एकदा उघडायची ठरलेली वेळ. ढेकणांची भीती खरी आहे. कपडे आणि अंथरुणं गरम पाण्यातून आणि कडक वाळवणातून काढायची सोय प्रवेशाच्या जागीच करा, म्हणजे मालकाची तक्रार राहत नाही आणि माणसाची बेअब्रूही होत नाही.

दुसरं कारण, जवळचं माणूस. नवरा-बायकोला वेगळ्या इमारतीत टाकलं की दोघंही रात्रीतून निघतात. त्यांच्याकडे लग्नाचा दाखला मागू नका. ती एकत्र राहतात असं ती सांगतात, तेवढं पुरे. म्हातारी आई आणि तिचा मनोरुग्ण मुलगा, दोन मैत्रिणी ज्या रात्री आळीपाळीने जागतात, अशा जोड्या तुमच्या कार्यकर्त्यांना माहीत असतील. खोलीवाटप त्यांच्या सल्ल्याने करा. आणि कुत्रा. आमच्याकडे बऱ्याच हॉटेलांत कुत्रे आत घ्यायला परवानगी मिळवली, नाहीतर कित्येक जण आलेच नसते. घाटावर कुत्र्यासोबत झोपणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तिसरं, पोट. जेवण दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं, दार वाजवायचं, मागे सरायचं, ही पद्धत चांगली चालली. पण जेवण कोणतं? आमच्याकडे सुरुवातीला गार सँडविच यायची, आणि अर्ध्या लोकांना दात नव्हते. तुमच्याकडे खिचडी, वरण-भात, मऊ पोळी हे सहज जमेल. मधुमेह्यांसाठी वेळ पाळणं जेवणाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण इन्सुलिन घेऊन माणूस ताटाची वाट बघत बसला तर साखर घसरते. इन्सुलिनसाठी प्रत्येक मजल्यावर एक फ्रिज हवा. चहा मात्र मागेल तेव्हा द्या. चहासाठी माणूस बाहेर पडतो आणि मग रात्रीपर्यंत परतत नाही.

आता व्यसन, ज्यावर तुमच्या मसुद्यात 'व्यसनी व्यक्तींना प्रवेश नाही' एवढीच एक ओळ आहे. ती ओळ कृपया काढून टाका. ज्यांची फुप्फुसं आणि यकृत आधीच खराब आहेत, तेच साथीत सगळ्यात आधी जातात, आणि त्यांनाच तुम्ही दाराबाहेर ठेवताय. शिवाय रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे 'आत आलास, आता बंद' असा नियम वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचा आहे. प्रवेशाच्या दिवशीच शेवटची दारू कधी घेतली, याआधी कधी फिट आली का, हे दोन प्रश्न विचारा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे हात थरथरायला लागले की कोणाला फोन करायचा हे रात्रपाळीच्या माणसालाही माहीत असेल. तंबाखू आणि बिडी यावरून भांडत बसू नका. गॅलरीत एक जागा ठरवून द्या.

आणि इथे बंद दाराची दुसरी बाजू आहे, तीही तुम्हाला माहीत असायला हवी. रस्त्यावर एखादा कोसळला तर शेजारचा बघतो. खोलीत कोणी बघत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२० साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने ७०० हून जास्त माणसं गेली, कोविडने त्या वर्षी गेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक. आम्ही दारं वाजवण्याच्या फेऱ्या ठरवल्या. 'मी बरा आहे' एवढा आवाज आला तरी पुरे, दार उघडायची सक्ती नाही. ओ आली नाही तर काही मिनिटांत दुसरी चावी लावायची, कोणाची परवानगी काढत बसायचं नाही. अफूजन्य नशेच्या अतिसेवनावर उतारा असलेलं नालोक्सोन प्रत्येक मजल्यावर ठेवलं आणि ते वापरायला सफाई कामगारांनाही शिकवलं. मेथाडोनवरच्या (अफूजन्य व्यसनावरच्या औषधावरच्या) रुग्णांना एरवी रोज दवाखान्यात जावं लागायचं. मार्च २०२० मध्ये सरकारने स्थिर रुग्णांना २८ दिवसांचे डोस घरी न्यायची मुभा दिली, त्यामुळे ते खोलीत राहू शकले. तुमच्याकडे पदार्थ वेगळे असतील, दारू जास्त असेल, पण फेरी तीच आणि दुसरी चावी तीच. एकटेपणानेही माणूस खचतो. दारात खुर्ची टाकून समोरच्या दारातल्या माणसाशी बोलायला आम्ही कधी अडवलं नाही.

दारावर कोण बसतं यालाही फार महत्त्व आहे. गणवेशातला, काठी घेतलेला रखवालदार हा रस्त्यावरच्या माणसासाठी हाकलणाऱ्यांपैकी एक असतो. शक्य असेल तिथे स्वतः कधी रस्त्यावर राहिलेल्या, आता सावरलेल्या लोकांना पगार देऊन त्या जागी बसवा. आमच्याकडे भांडणं मिटवण्यात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं.

मालकाचं आणि कायद्याचं थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ खाली जिल्हा प्राधिकरण जागा ताब्यात घेऊ शकतं आणि कलम ६६ मध्ये भरपाईची तरतूद आहे. तरी माझं मत असं की शक्यतो करारानेच जा. कॅलिफोर्नियाच्या सरकारकडेही हॉटेलं ताब्यात घेण्याचे अधिकार होते, पण रूमकी करारांवरच चालली. राजीखुशीने दिलेल्या लॉजचा मॅनेजर रात्री दोनला पाण्याची मोटार सुरू करून देतो. करार महापालिकेच्या नावाने, सगळ्या खोल्यांचा एकत्र, मुदत आणि नुकसानभरपाई लिहून. 'नंतर खोली सोडलीच नाही तर?' ही मालकाची भीती असते, म्हणून राहणाऱ्यांना भाडेकरूचा हक्क मिळत नाही हे त्यात स्पष्ट हवं. आणि ओळखपत्र: लॉजच्या रजिस्टरला आधारसारखं ओळखपत्र लागतं, तुमच्या निम्म्या लोकांकडे ते नसेल. महापालिकेच्या लेखी आदेशाने तुमच्या संस्थेची यादी हाच ओळखीचा पुरावा धरला जाईल, अशी सोय पोलिसांशी बोलून आधीच करून घ्या.

पुढे काय झालं, हा तुमचा शेवटचा आणि मला वाटतं सगळ्यात खरा प्रश्न. काहींना घर मिळालं, काही सामायिक निवाऱ्यात गेले, काही परत रस्त्यावर गेले. शेवटच्या गटातली माणसं मला आजही ओकलंडच्या रस्त्यांवर भेटतात, आणि त्यांच्याशी बोलताना जड जातं, कारण एकदा खोली मिळून गेल्यावरचा रस्ता आधीपेक्षा वाईट असतो. कोणाचं काय झालं हे बरंचसं यावर ठरलं की पुढची सोय लावायचं काम कधी सुरू झालं. जिथे आल्या आठवड्यातच कागदपत्रं, पेन्शनचे अर्ज, नातेवाइकांचा शोध सुरू झाला, तिथे करार संपताना हातात काहीतरी होतं. जिथे बंद करायच्या नोटिशीनंतर धावपळ झाली, तिथे नव्हतं. माणूस एका पत्त्यावर सापडतो ही एरवी न मिळणारी संधी असते. एरवी आधारची तारीख मिळेपर्यंत तो माणूस दुसऱ्या चौकात गेलेला असतो.

कॅलिफोर्निया राज्यानेही एक चांगलं पाऊल उचललं. जुलै २०२० मध्ये 'होमकी' सुरू केली: हॉटेलं आणि मोटेलं भाड्याने घेण्याऐवजी विकतच घ्यायची आणि त्यांची कायमची घरं करायची. पहिल्या फेरीत ६० कोटी डॉलर ठेवले, ९४ प्रकल्पांतून सुमारे ६ हजार घरं झाली, तीही काही महिन्यांत. नव्या इमारतीला कैक वर्षं लागतात. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२१ पर्यंत ३७ हजार लोकांना आधार मिळाला होता आणि त्यातले २६ हजारांहून जास्त दीर्घकालीन निवाऱ्यात गेले होते. नाशिकला लॉज विकत घेणं आज दूरचं वाटेल. पण शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमचा निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा धरलेली होती. नाशिकच्या लोकसंख्येला हा हिशोब लावा, सध्याच्या खाटा मोजा, आणि जी तूट निघेल ती प्रस्तावात लिहा. साथीसाठी घेतलेला एखादा बंद पडू पाहणारा लॉज पुढे त्या तुटीत कायमचा घेता येईल, अशी वाट आत्ताच उघडी ठेवा. महापालिकेला साथीनंतर हे सुचणार नाही. तेव्हा सगळ्यांना फक्त पूर्ववत व्हायची घाई असते.

साथ नसताना करता येण्यासारखं काम म्हणजे दोन याद्या. पहिली लॉजची: खोल्या किती, आतलं बाथरूम किती खोल्यांना, खिडकी उघडते का, तळमजल्यावर काठी किंवा कुबडी घेऊन जाता येतील अशा खोल्या किती, मालकाचा फोन. दुसरी माणसांची, त्यांना विचारून केलेली: वय, आजार, चालू औषधं, कोणासोबत राहायचंय, सामान किती, कुत्रा आहे का. दर सहा महिन्यांनी दोन्ही ताज्या करा. या याद्या तयार झाल्या की खोलीवाटपाचा तक्ता आणि प्रवेशाच्या दिवशीचा फॉर्म करायला मी नक्की मदत करेन. आमचा फॉर्म दोन पानांचा होता, त्यातलं तुमच्याकडे काय गाळायचं आणि काय वाढवायचं हे याद्या पाहूनच सांगता येईल.